चतुराबाईची डावी दाढ

तासभर बोलायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं होतं, म्हणून चतुराबाई परभणीपासून ताडकळसपर्यंत मोटारसायकलवर गप्प बसून आली. दाढेच्या जागी कापसाचा बोळा दाबलेला, गाल पदरात, आणि पोटात राग असा उकळत होता की पुढं बसलेल्या नवऱ्याच्या पाठीत एक बुक्की घालावी. नवरा मात्र मजेत गाडी हाणत होता. "बघितलंस?" चंद्रभान वाऱ्यावर ओरडत होता. "एका झटक्यात काढली! मी म्हणलं नव्हतं, हात लय हलका हाय त्याचा?"

अंगणात गाडी थांबली. चतुराबाई खाली उतरली, बोळा थुंकला आणि आ वासून नवऱ्यापुढं उभी राहिली.

"बघा. कोणती गेली?"

चंद्रभाननं वाकून बघितलं. "गेली की. भोक दिसायलंय."

"भोक दिसायलंय! आवं, दुखणारी दाढ ह्या अंगाला हाय, उजवीकडं. अजून ठणकायलीय. त्या मेल्यानं चांगली धडधाकट दाढ काढली माझी!"

चंद्रभाननं पुन्हा आत बघितलं, मग उजवीकडं बघितलं. तिथं किडकी दाढ जागच्या जागी, काळी कुळकुळीत, जणू काही झालंच नाही. त्याचा चेहरा उतरला. पण गडी हरणारा नव्हे. "मग तवाच का न्हाई बोललीस?"

आता ह्याला काय म्हणावं! बोलणार कशी? त्या खुर्चीत तिला आडवं घातलेलं, तोंडात दिवा, नळी आणि डॉक्टरची दोन बोटं. नळीच्या घरघरीत नवरा डॉक्टरला काय सांगतोय तेही तिला धड ऐकू आलं नव्हतं. पहिली सुई डाव्या अंगाला टोचली तेव्हाच तिला नवल वाटलं होतं. पण तिनं स्वतःचीच समजूत घातली, शिकलेला माणूस आहे, ह्या अंगानं टोचलं की औषध हळूहळू त्या अंगाला जात असेल. बिचारी उजवी बाजू कधी बधिर होतेय ह्याची वाट बघत राहिली. पकड डाव्या दाढेला लागली तेव्हा तिनं दोन्ही हात उडवले, "आँ आँ" केलं. तर चंद्रभाननं येऊन तिचे हात घट्ट धरले. "घाबरू नको. मी हाय ना!"

मी हाय ना! त्या तीन शब्दांवर तर तिचं अर्धं आयुष्य गेलेलं.

घरात चतुराबाई बोलायला लागली की शेजारची कस्तुराबाई चूल विझवून ऐकायला यायची. तिच्या हसण्यानं अंगणातल्या कोंबड्या दचकायच्या. पण दवाखाना, बँक, तहसील आलं की बोलायचं काम चंद्रभानचं. एकट्या चतुराबाईसाठीच नव्हे, सगळ्या आळीसाठी. कुणाच्या सासूला परभणीला न्यायचं असो की कुणाच्या पोराचं नाव शाळेत घालायचं असो, "चंद्रभानला संगं घ्या, बोलायला" असा गावचा रिवाज. बाईचं पोट दुखत असलं तर बाई खुर्चीत बसायची आणि कुठं दुखतं ते चंद्रभान सांगायचा. डॉक्टर लोकही त्याच्याकडंच बघून विचारायचे. आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं, म्हणून कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं परत परभणीला. चंद्रभान रस्ताभर गरजत होता, की त्या डॉक्टरला आज सोडतच नाही, नाक घासायला लावतो. दवाखान्यात शिरेपर्यंत आवाज टिपेला गेला होता. डॉक्टर आदिनाथ हा तसा वाईट माणूस नव्हे. तरणा, गोरा, सदा घाईत, बाहेर बाकावर दहाबारा गाल सुजलेली माणसं. त्यानं चतुराबाईच्या तोंडात दिवा मारला आणि त्याचाही रंग क्षणभर बदलला. पण लगेच तो म्हणाला, "काका, तुम्हीच डावीकडची म्हणालात की."

"मी? मी उजवी म्हणलो!"

"डावी म्हणालात. खालची, शेवटची, डावीकडची. आमच्या सिस्टरनंही ऐकलंय."

सिस्टरनं मान डोलावली. चंद्रभानचा आवाज एकदम खाली आला.

"तुमी मला का न्हाई इचारलं?" चतुराबाई म्हणाली.

प्रश्न तिनं विचारला होता. पण डॉक्टरनं उत्तर दिलं चंद्रभानला. "काका, समजवा त्यांना जरा. होतं असं कधीकधी. ती दुसरीही काढून टाकू आत्ताच. तिचे काही पैसे देऊ नका."

"म्हंजी दोन्हीकून बोळकं?" चतुराबाई खुर्चीतून उठली. "चला वो."

दाढेपेक्षा तिला ते झोंबलं. आपण एवढ्या मोठ्या समोर उभ्या आणि हा माणूस आपल्या डोक्यावरून नवऱ्याशी बोलतोय, जणू गुरांच्या डॉक्टरकडं म्हैस आणलीय. म्हैस तरी मालकाला लाथ मारू शकते.

किडक्या दाढेचा ठणका काही थांबेना. शेवटी सून सविता तिला दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथली डॉक्टरीण बारकीशी पोरगी. तिनं सवितेला बाहेर बसवलं आणि छोट्या दांडीनं एकेक दाढ वाजवत विचारलं, "काकू, इथं दुखतंय? इथं? नाही? स्वतःचं बोट ठेवून दाखवा." चतुराबाई थक्क झाली. असं इचारत असत्यात व्हय? दाढ काढायचीही गरज पडली नाही. आतली कीड साफ करून वर टोपी बसवली, काम झालं. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की आपल्या बाबतीत नुसती चूक झालेली नाही. जे करायलाच पाहिजे होतं, ते कुणी केलंच नव्हतं.

गावात मात्र गोष्ट भलतीच फिरली. कस्तुराबाईनं कुंपणावरून विचारलं, "काय गं चतुरे, भाऊजींनी दात पाडला म्हणं तुझा?"

"व्हय, पाडला की," चतुराबाई म्हणाली. "हात न लावता पाडला. तेवढी कला हाय त्यांच्या अंगात."

दोघी हसून हसून बेजार झाल्या. पण भाकरी खायला बसली की हसू पळायचं. ज्वारीची कडक भाकरी ही तिची जिवाभावाची गोष्ट. आता डावीकडं चावायला गेलं की वरची दाढ मोकळ्या हिरडीवर बसायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. उजवीकडच्या टोपीला अजून जपायचं होतं. सून भाकरी दुधात कुस्करून द्यायची. लेकरासारखा तो काला गिळताना एका संध्याकाळी चतुराबाईनं वाटी बाजूला सारली.

"मी फिर्याद करणार हाय त्या डॉक्टरवर."

चंद्रभानच्या हातातला घास हातातच राहिला. "कायला खामखा? झालं ते झालं."

"त्या दिवशी तर नाक घासायला लावत व्हता तुमी त्याला."

"ते बोलायची गोष्ट असती गं."

"मग आता करायची गोष्ट करू."

गावातल्या सिद्धोधन गुरुजींची लेक धम्मशीला परभणीला वकिली करायची आणि संध्याकाळच्या बसनं घरी यायची. चतुराबाईनं तिला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. दुसऱ्या दिवशी दोघं नवराबायको गुरुजींच्या ओसरीवर हजर झाले. चंद्रभान यायला तयार नव्हता, पण बायको एकटी जाऊन काय सांगेल ह्या धास्तीनं आला आणि बसल्याबरोबर सांगायला लागला. धम्मशीलानं थोडं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "काका, एक काम करा. काकू खुर्चीत बसतील. तुमी दवाखान्यात जिथं उभे व्हता तिथं उभे ऱ्हा. मी डॉक्टर. सांगा, कोणती दाढ?"

चतुराबाई खुर्चीत बसली, मान मागं टाकली, आ वासला. चंद्रभान तिच्या समोर उभा राहिला. त्यानं ऐटीत हात पुढं केला, बरोबर तिच्या उजव्या गालाकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "ही. डावीकडची."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. चंद्रभाननं आपल्या बोटाकडं बघितलं, बायकोच्या गालाकडं बघितलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडं बघितलं. उभ्या जन्मात ह्या माणसानं डावा-उजवा ठरवला तो बैलांच्या मागं उभं राहून. औताला जुंपलेला डावा बैल म्हणजे आपल्या डाव्या हाताचा, त्यात चुकायची सोयच नाही. समोर तोंड करून उभ्या असलेल्याचं डावं-उजवं सांगायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती, आणि आली तेव्हा बायकोची दाढ गेली.

"आयला," चंद्रभान पुटपुटला.

चतुराबाईला आधी हसू फुटलं. मग राग आला, मग पुन्हा हसू. "आवं, मी काय तुमचा बैल हाय व्हय!"

घरी येताना चंद्रभान मुकाट होता. दाराशी आल्यावर हळूच म्हणाला, "हे बघ. फिर्याद कर तू, मी संगं हाय. पण मी सांगणार, मी उजवीच म्हणलो व्हतो. माझी गवाही हाय, कोण खोटं पाडतंय?"

"आन ती सिस्टर?"

"ती त्यांचीच. तिचं कोण ऐकतंय?"

चतुराबाई ओट्यावर बसली. तिला मोह झाला नाही असं नव्हे. एवढंसं खोटं, आणि सगळं कसं सरळ होऊन जाईल. नवऱ्याची इज्जत राहील, डॉक्टर आडवा होईल. पण ती सिस्टर तिच्या डोळ्यांपुढं आली. दाढ काढल्यावर डाव्या गालाला त्या पोरीनंच बर्फ लावला होता, किती हळू हातानं. उद्या तिला चारचौघांत खोटी ठरवायची?

"न्हाई," ती म्हणाली. "खरं सांगणार असाल तरच चला. न्हाईतर मी एकटी जाते."

"अगं, सगळा गाव हसंल! उद्या मला कोण बोलवंल दवाखान्यात?"

"न्हाई बोलवलं तर न्हाई. ज्याचं दुखतंय त्याला बोलू दे."

चंद्रभान रुसला. रुसला म्हणजे असा रुसला, की चहा आला तरी कपाकडं बघायचा नाही, पण चतुराबाईची पाठ वळली की कप रिकामा. धम्मशीलानं ग्राहक आयोगाकडं तक्रार दाखल केली तेव्हा तिनं चतुराबाईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "काकू, काका डावी म्हणले, तरी चूक डॉक्टरचीच. दाढ तुमची, शुद्धीवर तुमी, तर इचारायचं तुमाला आन तपासून बघायचं त्यांनी. पण आतमधी काय बोलणं झालं ते काकांनाच मालूम. काका खोटं बोलले आन ते उघडं पडलं, तर तुमचं खरं पण बुडंल. सगळं काकांवर हाय."

म्हणजे पुन्हा काकांच्याच तोंडावर! चतुराबाईनं कपाळाला हात लावला. आणि काका तर काही बोलायलाच तयार नाहीत. पुढं महिने गेले. तो गोठ्यात रमायचा, शेतात रमायचा, दाढेचा विषय निघाला की खोकायचा. आळीतल्या कुणा म्हातारीला दवाखान्यात न्यायचं निघालं तर म्हणायचा, "माझी कंबर धरलीय." चतुराबाईला त्याची कीवही यायची. एवढा बोलका गडी, डाव्या-उजव्याच्या एका चुकीनं पार मुका झाला होता.

मग तडजोडीच्या बैठकीची तारीख आली. परभणीला, एका मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले. मध्ये मध्यस्थ म्हणून नेमलेल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई. समोर डॉक्टर आदिनाथ आणि त्याचा वकील, इकडं धम्मशीला, चतुराबाई आणि इस्त्रीच्या धोतरात घामाघूम झालेला चंद्रभान. सकाळपासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. तो काय बोलणार हे चतुराबाईला शेवटपर्यंत कळलं नाही.

डॉक्टरच्या वकिलानं सुरुवातीलाच त्याला गाठलं. "काका, त्या दिवशी डॉक्टरांना कोणती दाढ सांगितली तुम्ही?"

चंद्रभान उभा राहिला. त्यानं धोतराला हात पुसले. मग बायकोकडं बघितलं. तिनं नजर हलवली नाही.

"डावी," तो म्हणाला. "मीच म्हणलो डावी. सिस्टर खरं बोलायलीय. दुखत व्हती उजवी." आणि एकदा तोंड उघडल्यावर तो चंद्रभानच की! त्यानं बैलं सांगितली, औत सांगितलं, मागं उभं राहणं आणि समोर उभं राहणं सांगितलं. दाखवायला म्हणून डॉक्टरच्याच समोर जाऊन उभा राहिला. मध्यस्थ बाईंनी पदर तोंडाला लावला. वकील हसला, डॉक्टर हसला. चंद्रभानचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही. "हसा, हसायचीच गोष्ट हाय. तिनं हात उडवले तर मी ते धरून ठिवले. तिला मोकळं सोडलं असतं तर तिची दाढ वाचली असती. हे मला कळायलंय आता, रोज जेवताना कळायलंय." तो खाली बसला.

चतुराबाईला वाटलं, उठावं आणि ह्या माणसाला सगळ्यांदेखत कवेत घ्यावं. पण कचेरी होती, म्हणून तिनं टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर एक चापट मारली.

डॉक्टरचा वकील मात्र खूश झाला. "बघा मॅडम, त्यांनी स्वतःच कबूल केलं. चुकीची माहिती घरच्यांनीच दिली. आमचा काय दोष?"

धम्मशीला उठायला गेली. त्याआधी चतुराबाईच बोलली. "ह्यांची चूक ह्यांनी पदरात घेतली. मी ह्यांना घरी बघून घेईन. पण डॉक्टरसायब, किडकी दाढ काळी व्हती. काढली ती पांढरी. तुमी दिवा लावून बघत व्हता आन माझी चांगली दाढ तुमाला दिसली न्हाई? कारण तुमी दाढ बघितलीच न्हाई, तुमी ह्यांचं ऐकलं. त्या दिवशी न्हाई इचारलं, दुसऱ्या दिवशी न्हाई इचारलं, आज आता बैठक बसली तरी न्हाई इचारलं. माझी कोणती दाढ दुखत व्हती, हे तुमी मला अजून एकदा पण इचारलेलं न्हाई."

डॉक्टर काहीतरी बोलायला म्हणून सवयीनं चंद्रभानकडं वळला. "काका, असं नाही..."

चंद्रभाननं हात जोडले. "माझ्याकडं नका बघू सायब. ती तिकडं हाय."

वकिलानं डॉक्टरच्या बाहीला हात लावला. डॉक्टरनं तो हळूच बाजूला केला. तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि चतुराबाईच्या खुर्चीशी थांबला. आता त्याला घाई नव्हती. लेकाच्या वयाचाच होता तो.

"काकू," तो म्हणाला, "कोणती दाढ दुखत होती तुमची?"

चतुराबाईनं बोट उचललं आणि उजव्या गालावर ठेवलं. "ही."

"चुकलो मी, काकू. तुम्हालाच विचारायला पाहिजे होतं. बघायला पाहिजे होतं."

किती महिने तिनं ह्या घटकेसाठी शब्द जमवून ठेवले होते. चुलीपुढं, शेतात, अंथरुणावर, ह्या माणसाला काय काय सुनवायचं ते घोकलं होतं. आता एकही शब्द आठवेना, डोळे मात्र भरून आले. "बसा," ती म्हणाली. "उभं नका ऱ्हाऊ."

मध्यस्थ बाईंनी सगळ्यांना पाणी दिलं. डॉक्टरनं चूक लिहून द्यायचं आणि नवी दाढ बसवायचा सगळा भार उचलायचं कबूल केलं. त्याच्या वकिलानं एक उसासा टाकून पेन बंद केलं. बाईंनी विचारलं, "दाढ कुणाकडून बसवायची, कधी बसवायची, आणखी काही मागणं आहे का? तक्रारदारांतर्फे कोण बोलतंय?"

चंद्रभाननं सवयीनं घसा साफ केला आणि लगेच पाण्याचा पेला तोंडाला लावला. धम्मशीला कागद घेऊन उठली. "मॅडम, माझ्या अशिलाचं म्हणणं असं, की..."

"थांब गं बाई," चतुराबाई म्हणाली. "बस तू बी. मी सांगते."

तिनं खुर्ची पुढं ओढली, दोन्ही कोपरं टेबलावर ठेवली आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. कुणी मध्ये बोललं नाही.